बंड्याने खाली नेलेला बूट

बुधवार, संध्याकाळ

काल सकाळी भांडी घासत होते, तेवढ्यात आमचा बंड्या ह्यांचा कंपनीतला बूट तोंडात धरून खाली गेला. हे गेल्यापासून त्या बुटाला तो कुत्रा मलाही हात लावू देत नाही! जिन्याखाली लंगडं पिल्लू होतं. बूट त्याच्यापुढे ठेवून बंड्या वाट बघत बसला.

ह्यांनीच बंड्याला शिफ्ट सुटल्यावर चाकणहून डब्याच्या पिशवीतून आणलं होतं. त्याला वाटत असेल का, बूट असला की मागून माणूस येतो, पिशवी उघडतो, आत चपातीचा वास असतो?

शेजारच्या सुमनताई हसल्या. "वहिनी, बंड्याने आश्रम काढला की! तुम्ही नका हं गुंतू."

"नाही," म्हटलं. पुन्हा कुणाला गमवायची ताकद नाही. पण दिवसभर तो बूट डोळ्यांपुढे.

आज सकाळी डब्याची पिशवी घेऊन खाली गेले.