तिसऱ्या रविवारची हरकत

यशयादादा, जय येशू.

अक्षर मोठं आणि वाकडं आलंय, कारण माझा चष्मा शमुवेलकडे आहे. परवा तो घर बघायला आला, तेव्हा मी शास्त्र वाचत होते. त्याने हसत चष्मा माझ्या नाकावरून काढला आणि स्वतःच्या खिशात घातला. "आता तुझ्या वाटचं मी वाचीन, मार्था." सगळे हसले. तळोद्याहून नवा आणावा तर जीपही त्याचीच.

आमच्या लग्नाची सूचना मंडळीत दोन रविवार वाचून झाली. बाहेर पडताना त्याच्या पहिल्या बायकोची आई, जेमाबाई, हळूच म्हणाली, "मन्ही पोरना फोन बी असाच त्याना खिसामा ऱ्हाये." तिची पोर विहिरीत सापडली. पाय घसरला, असं तूच मला सांगितलंस.

तुझे मेहुणे गेल्यापासून माझी काळजी तुला झोपू देत नाही, म्हणूनच तू हे स्थळ आणलंस, हे मला कळतं. मी अजून दोघांच्या भाकरी थापते. पण विधवेने पुन्हा लग्न करावं की नाही, हे शास्त्राने तिच्यावर सोडलं आहे. अक्षराला अक्षर लावून मी ते वाचलं आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला कळलं की तू त्याला सांगशील, आणि तो रविवारआधीच येईल.

पाळक तिसऱ्यांदा विचारतील, कोणाची हरकत आहे का. नवरीने उठायचं नसतं. मी उठणार आहे.

सभा सुटल्यावर माझी घरची वाट त्याच्या शेतातून जाते. तेवढी वाट तू सोबत असतास तर बरं झालं असतं.

तुझी धाकटी बहीण,
मार्था