तीस किलोच्या शंभर बैठका

रविवार, २ नोव्हेंबर

साठ! मांड्या अशा भरल्या की जिमच्या पायऱ्या कठडा धरून उलटी उतरले. बबिता खाली उभी राहून हसून राहिली होती. त्रेपन्न वर्षांची बाई, आठवडाभर कापूस वेचते, रविवारी नेरहून एसटीनं इथे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला येते आणि माझ्याआधी तयार! चीड येते मला तिची.

तीस किलोचा बार खांद्यावर, दहा बैठका माझ्या, दहा तिच्या, असं करत दोघींच्या शंभर-शंभर. मधे बसायचं नाही. आणि एक थांबली की दोघींचा आकडा शून्य — हा कॉलेजातल्या वामन सरांचा नियम. सर आता नाहीत, नियम आहे. आज मीच थांबले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जिना चढवेना.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

निकिताचा फोन. हे गेल्यापासून तिचं एकच — आई, पुण्याला ये, एकटी किती दिवस राहशील? लेक चुकीचं बोलत नाही. दिवाळीतच तिला शब्द दिलाय, शंभर झाले की येते, मग एक दिवसही थांबत नाही. तिला वाटतं आईचं डोकं फिरलं. बबितालाही सांगितलं होतं. ती नुसतं 'हव' म्हणाली आणि बारला प्लेट लावायला लागली.

रविवार, ९ नोव्हेंबर

शहात्तर. पुन्हा मीच!

ऑटोत त्र्याण्णव साल निघालं. कॉलेजमागची टिनाची शेड, एकच बार, मानेवर घ्यायला गादी कुठली? बबितानं तिच्या याडीचा, म्हणजे आईचा, जुना फेटिया आणला, तांड्यावरच्या बायांचा तो घागरा, आणि बारला गुंडाळला. त्यावरचे आरसे काढायचे राहिले! दोघींच्या मानेवर ओरखडेच ओरखडे. माझी आई म्हणाली, हे कॉलेज आहे की आखाडा?

तेव्हाही बहात्तरावर मीच बार टाकला होता. आठ दिवसांवर माझा साखरपुडा, रडूच फुटलं. माझ्यापायी तिचंही शून्य झालं. तिनं बाहेर नेऊन आलुबोंडा खाऊ घातला. मग तीस वर्षं भेट नाही, यंदा होळीला नेरच्या स्टँडवर दिसली तेव्हा मी भर गर्दीत तिला मिठी मारली. किती चांगले दिवस होते ते! मला परत पाहिजेत. सरळ लिहिते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जिमवाला संघदीप म्हणतो, काकू, या रविवारी होतात तुमचे शंभर. म्हणजे सामान बांधायला घेतलं पाहिजे. घेतलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

झाले! माझे शंभर झाले! शेवटच्या तीन कशा निघाल्या देव जाणे. कळ आली की ती 'याडी' म्हणते, मी 'आई गं'. आज मी दोन्ही म्हटलं.

राहिल्या तिच्या दहा. मी मोजत होते. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव — आणि तिनं बार स्टँडवर ठेवून दिला. सावकाश. दम लागलेला नाही, पाय थरथरत नाहीत, आणि ठेवला! मी ओरडलेच तिच्यावर. बत्तीस वर्षांनी होत होतं, चार राहिल्या होत्या, चार! संघदीप धावत आला. ती आपली टॉवेलनं मान पुसत उभी.

"शंभर झाले असते त तू चालली गेली असती, मधू," ती म्हणाली. "मले नाही करमत तुझ्याबिना."

तिला नेरच्या गाडीत बसवून दिलं. तिनं खिडकीतून पाहिलंही नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

निकिताला फोन केला. म्हटलं, मी यवतमाळातच राहते. ती रडली, मीही रडले. बबिताला अजून सांगितलं नाही — रविवारपर्यंत तिलाही जरा तळमळू दे!