सात नंबरच्या खाटेला सांगितलेलं

१२ जाने., सोम.
आज दवाखान्यात गेले. आमची पोर रूथ गेल्यावर दोन वर्षांनी तोच जिना, तोच फिनाईलचा वास. चर्चचे पाळकसाहेब चार महिने मागं लागले होते. "सुनंदाबाई, तुमचं दुःख वाया जाऊ देऊ नका. त्या वॉर्डातल्या पोरांच्या आयांना तुमच्याइतकं कोण समजून घेणार?" दुःख काय उरलेली भाकरी आहे, वाया जायला? पण गेले. गारखेड्याच्या घरात बसून तरी काय करते. हे दिवसभर टीव्हीसमोर. चर्च सोडलं, रूथचं नाव काढणंही सोडलं.
वॉर्डात अर्धा तास नुसती उभी राहिले न् परत आले.

१५ जाने., गुरु.
खाट नं. सात. मंगल, फर्दापूरकडची, मेंढरं राखणाऱ्यांतली. पोरगी सोनाली, अकरा वर्षांची. केस सगळे गेलेत. रूथचाच आजार, रक्ताचा कॅन्सर. नवरा मेंढरांमागं, ही तीन आठवडे इथं पडून. मला म्हणे, "तुमी डॉक्टरीन का?" म्हटलं, नाही गं, माझ्या मुलीलाही हेच झालं होतं.
तिनं माझा हात धरला. "मंग बरी झाली का, मावशी?"
पोरगी टक लावून बघत होती.
"झाली," म्हटलं.

१६ जाने., शुक्र.
उद्या जाऊन खरं सांगून टाकायचं.

२० जाने., मंगळ.
नाही सांगितलं. उलट वाढवलं. मंगल विचारत होती, आता काय करते तुमची पोर? म्हटलं, पुण्याला असते, नर्सिंग करते. रूथला नर्सिंगच करायचं होतं. आणि खरं लिहायचं तर बोलताना लई बरं वाटलं. अर्धा तास माझी मुलगी पुण्यात होती.
सोनाली कडू गोळ्या थुंकते. तिला सांगितलं, रूथताई गुळाच्या खड्याबरोबर गिळायची. हे मात्र खरं आहे. गिळली पोरीनं.

२७ जाने., मंगळ.
सोनाली रोज विचारते, रूथताईचे केस किती दिवसांनी आले? लांब आले का? सांगते काहीबाही. मंगल म्हणाली, "आमचा खंडोबा हायेच, पर तुमच्या देवाकडं बी एक डाव न्या मला." रविवारी न्यायचं ठरलं. सोनालीजवळ तिची मावशी बसेल.
पाळकसाहेब खूश. सेवा फळाला आली म्हणे.

१ फेब्रु., रवि.
कुठल्या तोंडानं लिहू.
वर्षाच्या पहिल्या रविवारी आपण सगळे तारखांच्या चिठ्ठ्या देऊन ठेवतो. वाढदिवस, लग्नाची तारीख, गेलेल्या माणसाचा दिवस. त्या त्या आठवड्याच्या रविवारी पाळकसाहेब वाचतात, मंडळी उभी राहून उपकारस्तुती करते, देवाचे आभार मानते. जन्मापासून बघतेय हे. रूथचा दिवस मंगळवारी, एवढंच डोक्यात. चिठ्ठी आज वाचणार, हे आठवलंच नाही.
"आपली बहीण रूथ हिला प्रभूनं नेलं त्याला दोन वर्षं होत आहेत. आईवडिलांकडून उपकारस्तुती."
सगळे उभे राहिले. मंगल बसूनच होती, माझ्याकडं बघत.
फाटकाशी गाठलं तिला. म्हणाली, "मला फसवलं आसतं तरी चाललं आसतं, मावशी. तिला कशापायी? तुमच्या पोरीचं बघून गोळी गिळती ती."
रिक्षात बसून गेली.

२ फेब्रु., सोम.
पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. म्हणे, प्रभू क्षमा करतो. म्हटलं, प्रभूला कुठं फसवलंय मी, मंगलला फसवलंय. चांगला माणूस आहे, पण त्याची मुलं धडधाकट आहेत.

३ फेब्रु., मंगळ.
रूथचा दिवस. ह्यांना सांगितलं. टीव्ही बंद केला ह्यांनी. मला वाटलं, आता ओरडतील. पण म्हणाले, "पुण्यात कुठं राहते म्हणालीस?"
"होस्टेलवर."
मग दोघंही रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा, एका जागी बसून.

९ फेब्रु., सोम.
धीर करून वॉर्डात गेले. सातवर दुसरंच पोरगं. सिस्टर म्हणाली, गेल्या आठवड्यात घरी नेली, औषधं लागू पडेनात. माझा नंबर मंगलकडे आहे. तिचा माझ्याकडे नाही.

१८ फेब्रु., बुध.
आजपासून लेंट, उपासाचे चाळीस दिवस. महिला मंडळात आग्रह, "सुनंदाताई, सेवेची साक्ष द्या की, देवानं काय केलं ते सांगा सगळ्यांना." नाही म्हटलं. देव दुःखातून काहीतरी घडवतो म्हणतात. घडवत असेल. माझ्या हातून मात्र मरणाऱ्या पोरीशी लबाडी घडली. तेच उभं राहून सांगितलं असतं तर साक्ष झाली असती. तेवढी हिंमत नाही.

२१ फेब्रु., शनि.
आत्ता मंगलचा फोन. कशा आहात वगैरे काही नाही.
"कालपासून पाणी घेईना. तुमच्या पोरीचं बी आसंच झालतं का?"
"व्हय," म्हटलं.
"मंग फुडं काय होतं?"
सांगितलं. पाणी तोंडात ओतू नको, ठसका लागतो. ओल्या फडक्यानं ओठ पुसत राहा. श्वास घरघरेल, मध्येच थांबेल, परत येईल, भिऊ नको. हातपाय गार पडतील. हात सोडू नको, बोलत राहा, ऐकू येतं त्यांना. सगळं, सगळं सांगितलं. यातलं आजवर ह्यांनाही काही बोलले नव्हते. हे मागं उभं राहून ऐकत होते. मंगल मध्ये एकदाही रडली नाही. एकेक विचारून घेत होती.
शेवटी म्हणाली, "पोरगी इचारतीया, रूथताई कुठं हाय."
"तू काय सांगितलंस?"
"म्या काय सांगू? तुमी येऊन सांगा." फोन ठेवला.
जळगावची गाडी पाऊण तासात आहे, फर्दापूरवरूनच जाते. हे शर्ट बदलून दारात उभे आहेत, मीही येतो म्हणतात. सोनालीला काय सांगायचं, अजून ठरत नाही.