पक्षीनिरीक्षकांच्या सोयीसाठी वाट बंद आहे

मुक्काम: राखीव जंगलाच्या फाटकासमोरचं विश्रामगृह,
जिना चढल्यावर पहिली खोली (जिची खिडकी बंद होत नाही ती)

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमची कंबर कशी आहे? शेक घेताय ना? (डॉक्टरांनी दुसऱ्यांना सांगितलेले उपाय स्वतः करायचे नसतात, असं तुमच्याकडे बघून मला वाटायला लागलंय.) आम्ही दोघं सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर मी सुखरूप आहे, आणि तुमचे बंधुराज समोरच्या खाटेवर मिळतील तेवढी पांघरुणं अंगावर ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेत. ताप नाही, खोकला नाही, रुसलेत. कुणावर, ते अजून ठरायचंय. सध्या वनखातं, धुकं, एक दातांचा डॉक्टर आणि मी अशी नावं विचाराधीन आहेत. फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. इथे फोन लागतो तो फक्त खाली बाजाराच्या टोकाला, आणि तिथे ते माझ्या शेजारी कान देऊन उभे असतात. म्हणून हा खटाटोप.

आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं डोकं एकदाच तापेल. गेल्या वर्षी त्यांच्या छातीचं ते सगळं झालं, जाळी बसवली, आणि तुम्ही बजावलंत की सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ मात्र अजिबात नाही. तेव्हापासून घरात एकच पालुपद सुरू होतं: आता नाही दिसला तर कधीच नाही. कोण, हे तुम्हाला सांगायला नको. तोच तो निळटोप्या. मुठीएवढा पक्षी, पाठ निळी, गळ्यावर तांबूस डाग, राहणार फक्त उंचावरच्या गारठ्यात, शेवाळलेल्या जुन्या झाडांवर. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढता काढता तुमच्या भावाने बाकी सगळे पक्षी बघून घेतले, हा तेवढा राहिला. (लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा फिरायला गेलो, तेही ह्याच्याच मागावर, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. मी नवी साडी नेसून चिखलात उभी होते.) तर ते पालुपद ते नेमकं जेवायला बसल्यावर म्हणायचे, आणि मग पान तसंच टाकून उठायचे. मला नाही हो बघवलं. मी विचारलं, वाट चढाची आहे का? म्हणाले, मुळीच नाही, मी स्वतः नकाशा पाहिलाय, सपाट आहे. जन्मभर नकाशे काढणाऱ्या माणसाचा शब्द, म्हणून मी विश्वास ठेवला. नकाशा सपाटच होता, वन्सं. कागदच तो.

असो. पहाटे उठून, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर थर्मास (दुर्बीण त्यांच्या, थर्मास माझ्या) अशा थाटात आम्ही फाटकावर गेलो, तर अडसर खाली आणि त्यावर नवीकोरी पाटी: पक्षीनिरीक्षकांच्या सोयीसाठी वाट बंद आहे. मी दोनदा वाचली. कोर्टात लघुलेखन करण्यात माझी अख्खी नोकरी गेली, पण इतकं गोळीबंद वाक्य एकाही वकिलाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पहारेकऱ्याला अर्थ विचारला, तर तो म्हणाला, मी पाटी राखतो, अर्थ कचेरीत मिळेल. कचेरी खाली बाजारात. ती उघडते उशिरा, म्हणजे पक्षी आपापली कामं आटोपून दिसेनासे होतात त्या सुमाराला. तिथल्या कारकूनबाई पायाशी हीटर आणि मांडीवर विणकाम घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अगदी प्रेमाने समजावलं की वाट बंद अशी नाहीये, फक्त उघडलेली नाही. मागे पक्षी बघायला येणाऱ्यांनीच तक्रार केली होती म्हणे, की वाट निसरडी आहे. खात्याने मनावर घेतलं. आता पायऱ्या होतायत, कठडा होतोय, वर पक्षी बघायला सिमेंटचा ओटा होतोय. ओट्यासाठी जागा हवी म्हणून ज्या झाडांवर पक्षी बसायचे तेवढीच पाडलीत, बाकी एकाला हात लावलेला नाही. आणि सिमेंट कालवायच्या मशीनचा पक्ष्यांना दिवसभर जाच नको, म्हणून ते काम फक्त सकाळी करतात. दुपारी जंगल अगदी शांत असतं, तेव्हा या, म्हणाल्या. दुपारी पक्षीही शांत असतात, हे सांगायला ह्यांनी तोंड उघडलं आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला.

पण बाई मनाने चांगल्या. (विणकामाचा टाका चुकला होता, तो मी दाखवून दिला; त्याचाही उपयोग झाला असेल.) म्हणाल्या, एक पोटनियम आहे. सहा जणांचा गट असला तर काम चालू असतानाही सोडता येतं. झालं! तुमचे बंधुराज, जे घरी शेजाऱ्यांशी बोलायला लागू नये म्हणून पेपर आडवा धरतात, ते त्या संध्याकाळी विश्रामगृहाच्या दारादारांत माणसं मागत हिंडले. एक दातांचा डॉक्टर मिळाला. त्याच्या कॅमेऱ्याची नळी एवढी लांब की जेवणाच्या टेबलावर तिला वेगळी खुर्ची लागते. एक नवं जोडपं मिळालं, त्यांना वर धबधबा आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि ह्यांनी तो गैरसमज दूर केला नाही. सहावा खुद्द विश्रामगृहाचा मालक. जन्म फाटकासमोर गेला, पण कधी आत पाऊल टाकलं नव्हतं त्याने, कारण कामच पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा जण फाटकावर हजर. पहारेकऱ्याने मोजले, मान डोलावली, अडसर वर केला, आणि तितक्यात त्याला धुकं दिसलं. (आल्यापासून दुसरं काही दिसतच नाहीये, पण त्याला तेव्हा दिसलं.) ओल असली की वरच्या लाकडी साकवावरून एका गटातल्या पाचांनाच जायची परवानगी. म्हणजे बघा, सहांहून कमी असाल तर आत सोडत नाहीत आणि पाचांहून जास्त असाल तर पलीकडे सोडत नाहीत. मग सहाव्याने करायचं काय, हा प्रश्न मी विचारला. पहारेकरी म्हणाला, तो वरिष्ठांचा विषय आहे. शेवटी असं ठरलं की नियमासाठी मी आत गेले असं धरायचं, आणि देहाने मी त्याच्या स्टुलावर बसायचं. मला काय, पायांना आराम. ह्यांनी मात्र माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नसले तर पक्षी एक कमी दिसेल. मग थर्मास घेतला आणि निघाले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढचं मला दातांच्या डॉक्टरने सांगितलं, ह्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. ती सपाट वाट साकवानंतर जी उभी चढायला लागली ती थांबेचना. पायऱ्या अर्ध्याच झालेल्या, कठडा जिथे सपाटी आहे तिथेच. तुमच्या भावाने धाप लागली की दर वळणावर थांबून पानं निरखायला सुरुवात केली, म्हणजे कुणाला कळू नये. आणि वर, ओट्याच्या पलीकडे, धुक्यात, फांदीवर निळं काहीतरी हललं. झालं, सगळे खाली बसले. कुणी श्वास घेईना. नव्या जोडप्यातली ती मुलगी धबधबा विसरली. ह्यांनी कुजबुजत्या आवाजात पाठ, शेपूट, बसण्याची ढब असं सगळं वर्णन केलं, म्हणे डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरने त्या लांबलचक नळीतून फोटोंचा पाऊस पाडला. बराच वेळ ते निळं तिथेच डुलत होतं, उडायचं नाव नाही. शेवटी एक गवंडी शिट्टी वाजवत आला, फांदीवरचा रबरी हातमोजा काढला, झटकला, हातात चढवला आणि कामाला लागला.

हसलात ना? मीही हसले, पहिल्यांदा. मग डॉक्टरने मला बाजूला घेतलं. उतरताना ह्यांना सिमेंटच्या पोत्यांवर बसावं लागलं म्हणाला, ओठ पांढरे पडले होते. (दातांचा डॉक्टर, त्यामुळे त्याची नजर पहिली तोंडाकडे गेली, हे आपलं नशीब.) हे माझ्या कानावर घालायचं नाही, असं ह्यांनी त्याला बजावलं होतं. बघा हो, वन्सं. मी तिथे स्टुलावर आरामात बसलेली, आणि हा माणूस वर एका हातमोज्यासाठी जिवावर उदार झालेला! फाटकावर आले तेव्हा मला म्हणाले, धुकं फार होतं, बाकी काही नाही. मीही म्हटलं, हो, धुकं फार आहे. खोलीवर आलो, गोळ्या दिल्या, आता रंग परत आलाय आणि रागही परत आलाय, म्हणजे काळजीचं कारण नाही. त्या पक्ष्याचा नाद आता सुटला असं समजायला हरकत नाही. उद्या सामान आवरते, आठवड्याच्या आत घरी पोचू. भाचेकंपनीला आशीर्वाद. कंबरेला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. – सामान आवरणार नाहीये. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात मालक जिना चढून बातमी घेऊन आला की सिमेंटचं मशीन बिघडलंय, त्यामुळे काम बंद, आणि काम बंद म्हणून पुढच्या आठवड्यात वाट चालू! सहाची अटही नाही. फक्त सत्तरीच्या पुढच्यांना चढ झेपेल असा डॉक्टरचा दाखला हवा. हे ऐकून पांघरुणांचा ढीग उठून बसला. उद्या बाजाराच्या टोकावरून तुम्हाला फोन येईल. आवाज गोड असेल, आधी कंबरेची चौकशी होईल, मग लहानपणी तुम्ही त्यांना पाठीवर घेऊन फिरायचात ती आठवण निघेल. विरघळू नका. दाखला द्यायचा नाही म्हणजे नाही. माझं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

ता. क. दुसरा – नुसतं नाही म्हणून भागणार नाही, म्हणून आता खरं काय ते लिहिते. मी त्याला पाहिला. निळटोप्याला. स्टुलावर बसले होते, वरची मंडळी नुकतीच धुक्यात दिसेनाशी झाली होती, आणि तो आला आणि अडसरावर बसला. माझ्यापासून, तुमच्या दवाखान्यात पेशंट बसतो ना तेवढ्या अंतरावर. फाटकावरच्या दिव्याला रात्रभर चिलटं चिकटतात, ती एकेक टिपून खाल्लीन. निळी पाठ, गळ्यावर डाग, सगळं पुस्तकातल्यासारखं, आणि दुर्बीण लागलीच नाही. मी पापणी हलवली नाही. पहारेकऱ्याने मात्र पंचा झटकून त्याला हाकललं; रोज सकाळी येतो, अडसर घाण करतो आणि मग मला पुसत बसावं लागतं, म्हणाला. ह्यांना मी सांगितलं नाही. कसं सांगू? ज्याच्यासाठी त्या माणसाने आयुष्य उन्हातान्हात घातलं, तो थर्मासवाल्या बाईला फाटकावर बसल्या जागी दिसला, असं त्या ओठ पांढरे पडलेल्या माणसाला सांगू? आणि सांगितलं, तरी ते तिथे येऊन बसायचे नाहीत. बायकोने जागा दाखवून दिलेला पक्षी त्यांच्या हिशेबी पिंजऱ्यातला. मी ओळखून आहे.

ता. क. शेवटचा – तेव्हा तुम्ही असं करा. दाखला नाकारा, आणि त्याच्या जागी तुमच्या दवाखान्याच्या कागदावर, सहीशिक्क्यासकट, कडक शब्दांत औषध लिहा: रोज सकाळी उजाडल्यापासून नाश्त्यापर्यंत मोकळ्या हवेत एका जागी शांत बसणे, चालणे बंद, बोलणे बंद. बसायची जागा मी बघते. दुसरं स्टूल पहारेकऱ्याकडे आहे, अडसर मी स्वतः पुसून देईन असं आत्ताच फाटकावर जाऊन त्याला कबूल केलंय, म्हणजे तो पंचा झटकणार नाही. मालक आज रात्रीच्याच गाडीने तुमच्या गावाला येतोय, पत्र त्याच्याच हाती देतेय, चिठ्ठी त्याच्याच हाती पाठवा. तुमच्या शब्दाबाहेर ते जायचे नाहीत, चडफडत का होईना बसतील. मग एखाद्या सकाळी ते माझं मनगट घट्ट धरतील, आणि श्वास रोखून म्हणतील, हलू नकोस, तो बघ. मी मान वाकडी करून, अगदी भलतीकडे बघत विचारीन, कुठे हो? मला नाही दिसत. दाखवा ना.