दुसऱ्या टाकीचा आकडा

३ मार्च
चार महिने या वहीत ओळही लिहिली नाही, माफी असावी. नोकरी गेल्याचं लिहायची लाज वाटत होती. आता सांडपाणी केंद्रात केमिस्ट झालोय. लेक म्हणाली, बाबा आता गटाराचे डॉक्टर.

काम सोपं आहे. पाण्यात फेरिक क्लोराइड सोडायचं, की फॉस्फरस गाळ होऊन तळाशी बसतो. राहिला तर खालच्या तलावात शेवाळ माजतं, मासे मरतात. तपासणीचं रसायन घातल्यावर नमुना जितका निळा, तितका फॉस्फरस जास्त. आधीचा केमिस्ट न सांगताच निघून गेला म्हणे. त्याचा एप्रन खुंटीवरच होता. मला अगदी बरोबर बसला.

९ मार्च
दुसऱ्या टाकीचा आकडा उतरतच नाही. डोस दुप्पट केला, तरी गडद निळा. साहेब म्हणाले, आकडा एकच्या आत हवा, कसा ते मला सांगू नका. मी नमुन्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळलं आणि आलेला आकडा रजिस्टरात लिहिला. लिहिताना जराही थांबलो नाही, याचंच वाईट वाटतंय. पंपवाले काका बघत होते. म्हणाले, आधीचा हट्टी होता, असलं करायचा नाही. साहेबांशी कडाडून भांडला आणि दुसऱ्या दिवसापासून दिसलाच नाही.

१४ मार्च
दुसऱ्या टाकीच्या गाळात चष्मा सापडला. दोरीवरून काकांनी ओळखला, आधीच्या केमिस्टचाच. हाडांत फॉस्फरस असतो, हे मला कुणी शिकवायला नको. तरी मी म्हणालो, कचऱ्यात टाका.

त्याची बायको दर आठवड्याला फाटकाशी येऊन चौकशी करते. आज मी तिला सांगितलं, दुसऱ्या गावी नोकरी धरली असेल. ती म्हणाली, भाऊ, तुम्ही तरी नीट बोललात.

१७ मार्च
तपासणीत नुसतं डिस्टिल्ड वॉटरही निळं होतंय. नवी बाटली फोडली. तीही निळी.

१८ मार्च
रजिस्टरातले माझे सगळे आकडे एका रेघेनं खोडलेत. वर खरे आकडे. अक्षर जानेवारीच्या पानांवरचं — त्याचं. शाई ओली.

१९ मार्च
घरचं पाणीही. लेकीच्या पेल्यात — ती म्हणते, नितळच तर आहे. माझ्याच डोळ्यांना —

२० मार्च
रजिस्टरातला आजचा रकाना मी पोचायच्या आधीच भरलेला. शेरा: टाकी दोन उपसावी. खाली त्याची सही. शेजारी माझ्या सहीपुरती जागा सोडलेली.

एप्रन ओला आहे. अंगातून निघत नाही. खिशात चष्मा —

उद्याचं काम: वहिनींना, त्याच्या बायकोला, फाटकाशीच गाठून सांगायचं, की त्या दिवशी मी खोटं —