मौनवीर उडत नाही

२ सप्टेंबर

ठरलं. खंडेनवमीला कंपनीत मशिनपूजा झाली की कॅन्टीनमध्ये बायकापोरांसमोर कार्यक्रम असतो. त्यात यंदा माझी फिल्म. सुपरहिरोची. पण हाहाहीही नाही. सीरियस, काळीकुट्ट. साधा माणूस सुपरहिरो का झाला, त्याच्यावर काय अन्याय झाला, ते सगळं मुळापासून.

अन्याय शोधायला लांब जायला नको. गेल्या खंडेनवमीला आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. प्लांट हेडच्या नावाआधी मी पॉज घेतला. नाव विसरलो नव्हतो. पॉजच होता, फक्त जरा लांबला. तेवढ्यात आमच्या शिफ्ट इनचार्जने, म्हणजे हिंदुरावने, माइक ओढला आणि माझी नक्कल केली. आपले... आपले सर्वांचे... आपले... अख्खं कॅन्टीन हसलं. दीपमालासुद्धा हसली. माझी लग्नाची बायको!

यंदा त्याच कॅन्टीनमध्ये एकही माणूस हसणार नाही. आणि हिंदुरावला तोंड लपवायला जागा मिळणार नाही.

५ सप्टेंबर

नाव सुचलं: 'मौनवीर: आरंभ'. एक क्वालिटी इन्स्पेक्टर. कमी बोलणारा. आतून जळणारा. भूमिका मीच करणार, दुसऱ्या कुणाला झेपणार नाही.

कॅमेरा गोरक्षचा. माझ्याच लाइनवर आहे, मोबाइल नवा घेतलाय. त्याने विचारलं, हिरो उडतो कधी? म्हटलं, उडत नाही, सोसतो. तो म्हणाला, पंधरा मिनिटं नुसता सोसतोच? मग जेवणाच्या आधी दाखवणार का नंतर?

प्रेक्षक घडवावा लागतो. सुरुवात गोरक्षपासून.

दीपमालाचं मत: सणासुदीला लोक नटूनथटून येतात, त्यांना कशाला रडवायचं? मत ऐकून घेतलं. फेटाळलं.

८ सप्टेंबर

भूमिकेत शिरायचं म्हणून घरात मौन सुरू केलंय. पहिल्या दिवशी दीपमालाने घसा बसला समजून हळदीचं दूध दिलं. आज माहेरी फोनवर सांगत होती, नाही गं, काही टेन्शन नाही, उलट घरात शांतता आहे.

मौनाची ताकद तिला जाणवायला लागलीय.

११ सप्टेंबर

मास्टरस्ट्रोक! व्हिलन खुद्द हिंदुराव करणार. स्वतःचंच पाप स्वतः करून दाखवणार, आणि पडद्यावर बघताना त्याची ट्यूब पेटणार. तीही त्याच्या बायकोशेजारी बसून.

चहाच्या ब्रेकला गोड आवाजात विचारलं. तो म्हणाला, आपल्याला कुठं जमतंय राव, पण करू, मजा येईल.

मजा! ये बाबा, ये. आपल्या पायांनी ये. हसू आवरेना म्हणून टॉयलेटमध्ये जाऊन उभा राहिलो.

१५ सप्टेंबर

शॉप फ्लोअरवर शूटिंगची परवानगी मिळाली. पण सेफ्टी ऑफिसर तनुजा मॅडमच्या अटी आहेत. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट कम्पल्सरी. हिरोला पण? हिरोला पण. केप मशिनजवळ लोंबता कामा नये, पँटीत खोचायची. जिना उतरताना कठडा धरायचा. आणि लाइट बंद करायचे नाहीत.

मॅडम, फिल्म डार्क आहे, मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, मग घरी काढा.

हरकत नाही. अंधार आतला असतो.

१८ सप्टेंबर

शूटिंग. एंट्रीचा शॉट. मौनवीर सुडाच्या भावनेने जिना उतरतो. पहिल्या टेकला कठडा सुटला, मॅडमनी कट म्हटलं. दिग्दर्शक मी आहे, कट त्यांनी म्हटलं. मग पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या हिरव्या पट्ट्यातून चालत गेलो. क्रॉसिंगला थांबलो. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, फोर्कलिफ्ट जाऊ दिली. मग पुन्हा सूड.

गॉगलमधून डोळ्यातला अंगार दिसत नाही असं गोरक्ष म्हणतोय. बॅकग्राउंडला ढोल वाढवू.

२२ सप्टेंबर

आज मूळ सीन. कॅन्टीन, माइक, नक्कल. इथेच मौनवीर जन्मतो.

हिंदुराव सुरुवातीला जरा कच्चा वाटला. विचारत होता, हात खिशात का घालायचा? मान कुठं वाकडी करू? निर्लज्जपणाची कमाल आहे. साळसूद चेहऱ्याने मलाच विचारतोय! शेवटी मी स्वतः उभा राहून दाखवलं. मान अशी, डोळे छताकडे, आपले... आपले... इथे आवाज चिरकवायचा. पाच टेक घेतले. पाचव्याला हुबेहूब जमलं. गोरक्ष एवढा हसला की मोबाइल हलला. सहावा घ्यावा लागला.

वडापाव मीच मागवले. हिंदुरावने तीन खाल्ले. खा, म्हटलं मनात. शेवटचे आहेत.

२७ सप्टेंबर

एडिटिंग झालं. सोसायटीतल्या चौघांना दाखवली. हसले. ते चौघंही ताथवड्याच्या महागड्या कॉलेजात शिकलेले, त्यांना वेदना म्हणजे काय माहीत? आणि भयानक काही बघितलं की माणूस घाबरून हसतो, हे सायन्स आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. संध्याकाळ

जिन्यावरच पहिला हशा. कठडा. मग खोचलेली केप. फोर्कलिफ्टला थांबलो तर टाळ्या! कुणाचं तरी पोरगं ओरडलं, हेल्मेटकाका आले!

मी शेवटच्या रांगेत. नक्कल यायची होती. म्हटलं, आता बघा. आता कॅन्टीनमध्ये पिन पडली तरी ऐकू येईल.

शिट्ट्या आल्या. लोक खुर्च्यांवरून उठले. वन्स मोअर, वन्स मोअर. गोरक्षने लगेच मागे घेऊन परत लावलं, गाढवाने. गेल्या वर्षी एकदा झालं होतं, यंदा दोनदा. मोठ्या पडद्यावर, ढोलासकट. प्लांट हेड रुमालाने डोळे पुसत होते. हिंदुराव स्वतः पोट धरून हसत होता, आणि त्याची बायको त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

बेस्ट अॅक्टर: हिंदुराव. मलाही बक्षीस आहे. सेफ्टीचा संदेश हसतखेळत दिल्याबद्दल.

दीपमाला जिन्याला हसली, केपला हसली. नक्कल आली तेव्हा हसली नाही. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. हसली असती तर परवडलं असतं.

२ ऑक्टोबर, दसरा

प्रेक्षक अजून तयार नाही. माझंच चुकलं, काळाच्या पुढचं दिलं. हिंदुरावला मात्र आतून लागलंय, नक्की. काल नुसता वरवर हसत होता. रात्रभर झोपला नसणार.

सकाळी इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात हिंदुराव, बायकोला घेऊन, हातात आपट्याची पानं. खेडजवळच्या त्याच्या गावातून इथे आमच्या चऱ्होलीपर्यंत आला होता, सोनं द्यायला. मिठी मारली. सोडेचना. म्हणाला, पावण्यारावळ्यांचे सकाळपासनं फोन येत्यात, आमच्या म्हातारीनं तर मोबाइलवर चारदा बघितलं. सगळं तुझ्यामुळं हाय ज्योतीराम.

मी वाट बघत होतो. आता बोलेल. आता माफी मागेल.

तो म्हणाला, एक विचारू का? ती माइकची गोष्ट तुझ्या डोक्यात आली कुठनं?

दीपमाला चहा घेऊन आली होती. ट्रे तसाच धरून उभी राहिली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. थट्टा नव्हती. खरंच विचारत होता. त्याला आठवतच नव्हतं.

सुचली अशीच, मी म्हणालो.

तो म्हणाला, तरी म्हनलं. खऱ्यात एवढीशी गोष्ट कुनी वरीसभर मनात धरून बसतंय व्हय?

छे, म्हटलं. कोण बसतंय.