खालच्या दालनातली काचेची पट्टी

प्रिय धाकट्या,

तुझं निमंत्रण पोचलं. सोनेरी कडेचं, जाडजूड, उघडताना बोट कापेल असं. आत छकुलीनं पेन्सिलीनं लिहिलंय की आत्या, तू पुढच्या रांगेत बस, मी पाहुण्यांना फुलं देणार आहे आणि माझा फ्रॉक पिवळा आहे. वाचून हसले, आणि मग ते निमंत्रण तसंच हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. गुरुवारी सूर्योदयाला देवळाखालच्या दालनात मैफल, चाळीस पाहुणे, तीन वादक, आणि सगळ्याची जबाबदारी तुझ्यावर. मी शेजारीपाजारी सांगत सुटायला हवं होतं. त्याऐवजी पत्र लिहायला बसलेय. फोनवर तू मला हसण्यावारी नेतोस, "ताई, तुझं आपलं काहीतरीच" म्हणतोस, आणि मग मीही मऊ पडते. कागद मऊ पडत नाही. ड्रायव्हरभाऊ उद्या सकाळी कंपनीची गाडी घेऊन तिकडे येणार आहेत, त्यांच्या हाती पाठवतेय. एकटा असशील तेव्हा वाच.

शुक्रवारी तू मला तिथे फिरवत होतास तेव्हा आपण एकत्र काम केलेली चार वर्षं आठवत होती. काय ऐट असायची आपल्या खासगी सहलींची. आठ-नऊ पाहुणे, त्यांच्या दिमतीला पंधरा माणसं. पडक्या किल्ल्यावर पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण, भिक्षूंच्या कोठड्यांपर्यंत गालिचा, दर तासाला गार अत्तराचा रुमाल. त्या बाई आठवतात का, ज्यांनी राजाच्या स्नानगृहात गरम पाण्याचा नळ कुठे होता म्हणून विचारलं होतं? आणि ते गृहस्थ, भिक्षूच्या दगडी ओट्यावर आडवे होऊन म्हणाले होते की गादी बरी असती तर दोन दिवस राहिलो असतो? मी हसू दाबून हजार वर्षांचा इतिहास सांगत राहायची आणि तू मागे छत्री धरून उभा असायचास, चेहरा असा की जणू घरात कुणी गेलंय. तुझ्या त्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, असा मी कानाला खडा लावला होता.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे खालचं दालन. इतर लोकांना देवळाचं दार उघडायच्या आधी, आपल्याच पाहुण्यांसाठी उघडणारं. एकसष्ट पायऱ्या, तळाशी लोखंडी जाळीचं दार, आणि आत डोंगराच्या पोटात कोरलेली ती रंगीत खोली. तिथे आलं की बडबडे पाहुणेही गप्प व्हायचे. डाव्या खांबापासून छतापर्यंत गेलेली भेग त्यांना चित्रातलीच रेघ वाटायची. आपण त्यांचा तो समज कधी मोडला नाही.

शुक्रवारी मी तिथे सात वर्षांनी उतरले. चाळीस खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकीवर पांढरी खोळ, आणि प्रत्येक खोळीवर बारीक कच. बोट फिरवलं तर रवा सांडल्यासारखी. तू सफाईच्या बाईंवर चिडलास. त्या म्हणाल्या, साहेब, रोज झटकते, रोज पडतं. तू विषय बदललास. मग जाळीचं दार लागेना तेव्हा खांद्यानं ढकलत म्हणालास की गंजून फुगतं मेलं, यंदा दोनदा कानस मारून घेतली. मी त्या दारावर हात फिरवला होता. गंज नव्हता, धाकट्या. दार फुगत नाही तेव्हा चौकट आवळत असते. मी डाव्या खांबापाशी जरा जास्तच रेंगाळले, तर तुला वाटलं माझे गुडघे बोलायला लागले, आणि तू खुर्ची आणून दिलीस. मी बसले नाही.

तुला किल्लीवाले काका आठवत असतील. खरं तर तू त्यांना जेमतेम वर्षभर पाहिलंस. तेहतीस वर्षं त्या जागेची राखण केली त्या माणसानं, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की ते यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. त्यांची एक रीत होती. मंत्री येवो नाहीतर संत्री, आधी ते एकटे बॅटरी घेऊन खाली जायचे, भेगेवरची काचेची पट्टी बघायचे, वर येऊन मान हलवायचे, आणि मगच माणसं उतरायची. ती पट्टी तू हजारदा पाहिली आहेस. बोटभर लांबीची पातळ काच, भेगेवर आडवी, दोन्ही टोकं प्लॅस्टरमध्ये रुतवलेली, आणि ओल्या प्लॅस्टरवर खिळ्यानं कोरलेली तारीख. काका म्हणायचे, दगड केसभर हलला तर माणसाला कळत नाही, काचेला कळतं. काच तडकली की दार बंद, किल्ली पुरातत्त्वच्या ऑफिसात, आणि इंजिनियर येऊन, तपासून, काकांकडून नव्या तारखेची नवी पट्टी लावून घेईपर्यंत खाली कुणी जायचं नाही. एवढा साधा नियम.

आता जे सांगते ते मी अकरा वर्षं कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण होतं ते तुला ठाऊक आहे.

तुझा कामाचा पहिला दिवस होता. त्याआधी दोन वर्षं तू घरी बसून होतास. दाढी वाढलेली, कुणाशी बोलणं नाही, आई तुझ्या खोलीच्या दाराशी ताट ठेवून परत यायची. मी कंपनीच्या साहेबांपुढे अक्षरशः पदर पसरला होता तेव्हा कुठे त्यांनी तुला घेतलं. त्या सकाळी तू नवा कोट घालून पाहुण्यांबरोबर वर उभा होतास, पहिल्यांदाच ताठ. काका आजारी होते. त्यांनी विश्वासानं किल्ली माझ्याकडे दिली होती आणि बजावलं होतं की आधी पट्टी बघ. मी एकटीच उतरले. पट्टीचे दोन तुकडे झाले होते. आजही डोळे मिटले की तो बॅटरीचा उजेड दोन ठिकाणी चमकलेला दिसतो.

मी वर यायला हवं होतं. दालन बंद करायचं होतं. पण दालन बंद म्हणजे आपली खास सहलच बंद, आणि मग सगळ्यात आधी घरी जाणार तो सगळ्यात नवा माणूस. मी पायरीवर बसून एवढाच विचार केला, त्यापुढचा केला नाही. काकांच्या कपाटात जादा काचा होत्या, प्लॅस्टर होतं. मी नवी पट्टी लावली. नवी तारीख घातली असती तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून काकांचीच चार वर्षं जुनी तारीख कोरली, एकोणतीसची, त्यांच्यासारखे उंच बारीक आकडे काढत. प्लॅस्टर कोरं पांढरं दिसत होतं, तर पाहुण्यांच्या थर्मासातल्या चहाचा बोळा त्यावर फिरवला. सगळं मिळून पंधरा मिनिटं. मग वर येऊन काकांसारखी मान हलवली. माझ्या नखांत पांढरं अडकलं होतं. तू ते पाहिलंस, काही विचारलं नाहीस, आणि खिशातला नवाकोरा रुमाल पुढे केलास. मला इतकं बरं वाटलं की विचारू नकोस.

काका परत आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. ते आले तीन आठवड्यांनी. तोवर चार सहली खाली जाऊन सुखरूप वर आल्या होत्या, आणि माझ्या मनानं त्याचाच पुरावा केला होता. काका बॅटरी घेऊन उतरले आणि नेहमीपेक्षा उशिरा वर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, पट्टी बरी टिकली. एवढंच. बोलले असते तर किल्ली परक्या हाती दिल्याबद्दल त्यांचीच नोकरी गेली असती, पेन्शनसकट. पण त्या दिवसानंतर ते पट्टी बघायला म्हणून खाली गेले नाहीत. निवृत्त होईपर्यंत वरच्या पायरीवर उभे राहून मान हलवायचे. मला वाटतं, माझ्यामुळे त्या माणसाची तेहतीस वर्षांची रीत मोडली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात भेटायला गेले तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आणि काही झालं नाही, धाकट्या. खरा घात तोच. इंजिनियर दरवर्षी येतात, पट्टी अखंड बघतात, तारीख वाचतात आणि लिहितात की काही हालचाल नाही. तुझ्या निमंत्रणात मागच्या पानावर ठळक छापलंय, पंधरा वर्षांत डोंगर केसभरही हललेला नाही, असा तज्ज्ञांचा दाखला. त्या दाखल्याच्या जोरावर नऊ माणसांच्या जागी चाळीस माणसांना परवानगी मिळाली, खुर्च्या आल्या, वाद्यं येणार. तो तज्ज्ञांचा दाखला नाही. ती माझी पंधरा मिनिटं आहेत, सोनेरी कडेच्या कागदावर. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढच्यानं ठेच लपवली तर मागच्यानं शहाणं कशावरून व्हायचं?

आता मी खांबापाशी का उभी राहिले ते सांगते. मला माझी पट्टी बघायची होती. तारीख तीच होती, एकोणतीसची. प्लॅस्टर चहाच्या रंगाचं होतं. पण त्या नऊचं शेपूट वर वळलेलं होतं. पहिलीत असताना तुला मी पाटीवर तो नऊ शंभरदा गिरवायला लावला होता, दोनदा धपाटेही घातले होते, आणि तुझं शेपूट काही खाली वळलं नाही ते नाहीच. जगात इतका वाईट नऊ दुसरं कुणी काढत नाही. मी वळून तुझ्या हातांकडे बघितलं. नखं स्वच्छ होती. तू माझ्यापेक्षा नेहमीच नीटनेटका. मी तुला हे कधी शिकवलं नव्हतं, तू रुमाल देताना शिकलास. म्हणून मी आधी माझं सगळं सांगितलं, म्हणजे तुला सांगायला लाज वाटू नये. माझ्या पट्टीबद्दल मी ऑफिसला पत्र लिहिलंय, बुधवारी सकाळी स्वतः नेऊन देणार आहे, पोच घेणार आहे. गुरुवार तेवढ्यानं थांबेल. त्यात तुझं नाव नाही. पण माझी काच कधी तुटली हे मला माहीत नाही, फक्त तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी की गेल्या महिन्यात, यावर डोंगर किती वेगानं सरकतोय ते त्यांना कळणार आहे, आणि वरच्या देवळात रोज शेकडो लोक उभे असतात. तेव्हा आजच जाळीचं दार लाव, खुर्च्या आणायलाही कुणाला खाली पाठवू नकोस, तूही जाऊ नकोस, आणि माझ्या आधी ऑफिसात जा. नोकरी जाईल. ताट दाराशी ठेवायला आई नाही, पण मी आहे. छकुलीला सांग, पिवळा फ्रॉक घालून गुरुवारी माझ्याकडे ये म्हणावं. तुझा तो रुमाल सोबत पाठवतेय. कितीदा धुतला तरी कोपऱ्यातलं पांढरं गेलेलं नाही. तो खिशात ठेव, आणि त्यांना खरी तारीख सांग.

तुझीच, तुला आकडे गिरवायला लावणारी,
ताई